बोर्डो मिश्रणाचे जनक : अलेक्सी मिलार्दे आणि आपला आंबा



मुरबाड, शहापूर, बदलापूर पट्ट्यात आंबा काढणी संपली की वाळक्या फांद्यांची छाटणी होते आणि मोरचूद-चुन्याचे निळे मिश्रण कालवले जाते. कल्याण-डोंबिवलीच्या आजूबाजूच्या गावांत परसात चार कलमे असणारेही छाटलेल्या फांदीला हीच पेस्ट लावतात. हे मिश्रण ज्यांनी शेतकऱ्यांच्या हाती दिले, त्या शास्त्रज्ञांचे आयुष्य समजून घेतले तर आपल्या बागेतल्या बऱ्याच चुका टळतील.

डॉक्टरकी आणि वनस्पतिशास्त्र

पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांचा जन्म 1838 साली फ्रान्सच्या ज्युरा भागात झाला. वैद्यकाबरोबर त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. जर्मनीत ते आंतोन द बारी यांच्याकडे शिकले. बटाट्याचा करपा बुरशीमुळे होतो, हे प्रयोगाने दाखवणारे हेच द बारी. रोग आपोआप उद्भवत नाही, बुरशीचा बीजाणू पानावर पडतो, रुजतो आणि मग आत शिरतो, ही समज मिलार्दे यांना तिथे मिळाली.

पुढे ते स्ट्रासबुर्ग येथे प्राध्यापक झाले. 1870-71 च्या युद्धानंतर ते शहर जर्मनीकडे गेले आणि मिलार्दे नान्सीला आले. 1876 पासून ते बोर्डो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले.

एका संकटाच्या उपायातून दुसरे संकट

त्या काळी अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त होत होत्या. या किडीला तोंड देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर फ्रेंच द्राक्षाचे कलम करण्याच्या कामात मिलार्दे आघाडीवर होते. पण बहुधा अमेरिकेतून आणलेल्या अशाच रोपांबरोबर केवडा हा बुरशीजन्य रोगही आला. 1878 मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला. पाने अकाली गळायची, मग घडांत साखर भरत नसे.

द्राक्षावरच्या भुरीला गंधक चालते हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. केवड्याला मात्र ते लागू पडेना. दोन्ही रोग पानावर पांढरे दिसतात, पण औषध वेगळे लागते.

रस्त्याकडेच्या ओळी

1882 च्या ऑक्टोबरमध्ये मिलार्दे बोर्डोजवळच्या सँ-ज्युलियाँ गावच्या बागांतून जात होते. बहुतेक वेली पानगळीने उघड्या पडल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पाने टिकून होती आणि त्यांवर निळसर डाग होते. त्यांनी बागेचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद यांच्याकडे चौकशी केली. येणारे-जाणारे द्राक्षे तोडून नेत, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची तिथे रीत होती. विषारी दिसले की कोणी हात लावत नसे.

या रस्त्याने रोज शेकडो लोक जात असतील. पण राखणीचा हा उपाय रोगाला अडवतो आहे, हे मिलार्दे यांच्या लक्षात आले. लगेच घोषणा न करता त्यांनी पुढची वर्षे दाव्हिद यांच्या मदतीने बागेत प्रयोग केले. फवारलेल्या आणि न फवारलेल्या वेली शेजारी ठेवून तुलना केली. रसायनशास्त्राची बाजू युलिस गायोन यांनी सांभाळली. 1885 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या कृतीत 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद आणि 30 लिटर पाण्यात 15 किलो चुना होता. हे घट्ट मिश्रण काड्यांच्या छोट्या झाडूने पानांवर शिंपडत. नंतर प्रमाण खूप कमी झाले. आपले आजचे एक टक्का मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी.

मिलार्दे 1902 मध्ये बोर्डो येथे वारले. तोवर हे मिश्रण द्राक्षाबाहेर बटाटा आणि फळझाडांपर्यंत पोहोचले होते. पीचसारख्या कोयीच्या फळझाडांवर पाने आकसण्याच्या रोगासाठी ते आजही वापरतात. पीच, जर्दाळू ठाण्यात होत नाहीत, पण आंबा हेही कोयीचेच फळ आहे.

आपल्या बागेसाठी यातून काय घ्यायचे?

पहिली गोष्ट वेळेची. तांबे बीजाणूला पानावर रुजू देत नाही, पण आत शिरलेली बुरशी ते बरी करत नाही. पाने करप्याने काळी पडल्यावर फवारून उपयोग नाही. आपल्याकडे चार महिने पाने ओली राहतात. म्हणून काढणीनंतर वाळक्या फांद्या काढा, बाग मोकळी करा आणि पावसाची उघडीप मिळताच फवारणी घ्या. छाटलेल्या जागी 10 टक्के पेस्ट लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी).

दुसरी गोष्ट रोग ओळखण्याची. मोहोरावर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी आहे. तिला पाण्यात मिसळणारे गंधक (80 टक्के) 20 ग्रॅम प्रति 10 लिटर या प्रमाणात लागते. फुललेल्या मोहोरावर बोर्डो फवारू नका. मोहोराच्या काळात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे फवारणी वेळापत्रक पाळा.

तिसरी गोष्ट चुन्याची. चुना कमी पडला की मोकळे तांबे कोवळी पालवी जाळते. हे टाळण्यासाठी असे करा:

- लोखंडी भांडे वापरू नका. प्लास्टिकचे पिंप घ्या.
- मोरचूद 50 लिटर पाण्यात विरघळवा. चुना वेगळा विरवून, गाळून 50 लिटर करा.
- दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि ढवळत राहा.
- स्वच्छ लोखंडी खिळा किंवा कोयत्याचे पाते थोडा वेळ बुडवा. तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला.
- मिश्रण त्याच दिवशी संपवा. उरलेले ओढ्या-नदीत टाकू नका. तांबे माशांना घातक आहे.

तांबे जमिनीत साठत जाते. फ्रान्सच्या जुन्या द्राक्षबागांत ही अडचण आज उभी आहे, म्हणून गरजेपुरतेच फवारा.

यंदा एक करून पाहा. बागेच्या एका कडेची दोन झाडे फवारणीविना सोडा आणि पावसाळा संपल्यावर शेजारच्या झाडांशी त्यांची पालवी ताडून पाहा. मिलार्दे यांनी बोर्डोत हेच केले होते. आपली फवारणी वेळेवर आणि नीट झाली होती का, हे ती दोन झाडेच तुम्हाला सांगतील.