अडॉल्फ अँडरसन : मोहरी देऊन डाव जिंकणारे मास्तर

बुद्धिबळ शिकताना आपल्याला पहिला धडा मिळतो तो मोहरी सांभाळण्याचा. प्यादेसुद्धा फुकट जाऊ द्यायचे नाही! पण एकोणिसाव्या शतकात नेमके याच्या उलट खेळून युरोप गाजवणारे एक शाळामास्तर होऊन गेले. मंडळाच्या सभासदांना, आणि विशेषतः मुलांना, आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

अडॉल्फ अँडरसन यांचा जन्म ६ जुलै १८१८ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले. पुढे ते गावातल्याच शाळेत गणित व जर्मन शिकवू लागले. त्यांनी लग्न केले नाही. विधवा आई आणि अविवाहित बहीण यांची जबाबदारी त्यांच्यावर होती.

१८५१ मध्ये लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. आमंत्रण आले, पण प्रवासखर्चामुळे मास्तरांचा पाय निघेना. बक्षीस मिळाले नाही तर खर्च आपण पदरचा देऊ, अशी तयारी हॉवर्ड स्टॉन्टन यांनी दाखवली. अँडरसन गेले, वाटेत खुद्द स्टॉन्टन यांनाच हरवले आणि सोळा खेळाडूंत पहिले आले.

त्याच मुक्कामात, स्पर्धेबाहेर, ते लिओनेल किझेरिट्स्की यांच्याशी सहज म्हणून एक डाव खेळले. सुरुवात किंग्ज गॅम्बिटची होती. गॅम्बिट म्हणजे आरंभीच एखादे प्यादे मुद्दाम देऊ करणे. समोरचा ते घेण्यात आणि राखण्यात खेळ्या घालवतो. तेवढ्यात आपल्या मोहऱ्यांना वाटा मोकळ्या होतात. अँडरसन मात्र प्याद्यावर थांबले नाहीत. त्यांनी एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला. उरलेला उंट आणि दोन घोडे यांच्या बळावर तेविसाव्या खेळीला मात केली! हरलेल्या किझेरिट्स्की यांनीच तो डाव आपल्या नियतकालिकात छापला. आज तो ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जातो. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये एव्हान्स गॅम्बिटने सुरू झालेल्या डावातही त्यांनी वजीर देऊन मात केली. तो ‘सदाहरित डाव’.

ही उधळपट्टी नव्हती. अमर डावात काळ्याचा वजीर हत्ती टिपत पटाच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता, बाकीची बरीच मोहरी घरातच अडकली होती आणि राजा एकटा पडला होता. किती मोहरी उरली यापेक्षा कामाच्या जागी किती पोचली, हा हिशेब गणिताच्या मास्तरांनी पक्का केला होता.

अशा खेळात हारही पत्करावी लागते. १८५८ च्या नाताळच्या सुट्टीत ते पॅरिसला जाऊन एकवीस वर्षांच्या पॉल मॉर्फी यांच्याशी खेळले. मॉर्फी यांनी सात डाव जिंकले, अँडरसन यांनी दोन. दोन बरोबरीत सुटले. मॉर्फीही गॅम्बिट खेळत, पण आधी सगळी मोहरी बाहेर काढून मग हल्ला चढवत. १८६६ मध्ये विल्हेल्म स्टाइनिट्झ यांच्याशी झालेला सामना अँडरसन ६–८ असा हरले. चौदा डावांत एकही बरोबरी नाही, यावरूनच दोघांच्या खेळाची कल्पना यावी.

मास्तरांचा काळ संपला असे वाटत असतानाच १८७० ची बाडेन-बाडेनची स्पर्धा आली. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, एका खेळाडूला सैन्यात बोलावणे आले, तरी स्पर्धा चालूच राहिली. बावन्न वर्षांचे अँडरसन पहिले आले. स्टाइनिट्झ अर्ध्या गुणाने मागे राहिले.

१३ मार्च १८७९ रोजी ब्रेस्लाऊमध्येच त्यांचे निधन झाले. हारजितीचे आकडे आज फारसे कुणाच्या लक्षात नाहीत. तो सहज खेळलेला डाव मात्र जगभर शिकवला जातो. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन तो पटावर जरूर मांडा. वजीर देण्याची खेळी आली की क्षणभर थांबा आणि पुढे काय होईल ते मुलांनाच शोधू द्या.