बजेट नव्हतं, माया डेरेन होती

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी जण असेलच, ज्याच्याकडे भारी स्टोरी आहे, पण फिल्म अजून झालेली नाही. कॅमेरा बरा नाही, लाइट्स नाहीत, प्रोड्युसर मिळत नाही. कदाचित तो जण तुम्हीच असाल. मग ही गोष्ट तुमच्यासाठीच.

साल १९४३. गाव लॉस एंजेलिस, म्हणजे हॉलिवूडच्या अगदी दारात. तिथे एक नवरा-बायको राहत्या घरातच फिल्म करत होते. कॅमेरा सेकंडहँड, कलाकार तेच दोघं, संवाद एकही नाही. जेमतेम चौदा मिनिटांची ही फिल्म म्हणजे ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’. प्रयोगशील सिनेमाचा विषय निघाला की आजही तिचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं. आणि त्यातली बायको म्हणजे माया डेरेन.

तिचं मूळ नाव एलिओनोरा डेरेनकोव्स्की. जन्म १९१७चा, कीव्हमधला. वडील मनोविकारतज्ज्ञ. ज्यूंवरच्या हल्ल्यांमुळे १९२२मध्ये हे कुटुंब देश सोडून अमेरिकेत आलं आणि आडनावाचं छोटं ‘डेरेन’ झालं. तिने आधी पत्रकारिता आणि राज्यशास्त्र शिकलं, समाजवादी चळवळीत काम केलं, मग इंग्रजी साहित्यात एमए केलं. पुढे कॅथरिन डनहॅम या कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शिकेची असिस्टंट म्हणून ती ट्रूपबरोबर फिरली. तोवर सिनेमाशी संबंध नव्हता. तो आला अलेक्झांडर हमिद या चेक सिनेमॅटोग्राफरमुळे. १९४२मध्ये त्यांनी लग्न केलं. ‘माया’ हे नावही त्यानेच सुचवलं. हो, आपल्याकडचीच माया: भास, भ्रम.

एक पाऊल, चार जागा

१९४३मध्ये वडील गेले. त्यांच्यामागे आलेल्या पैशांतून मायाने १६ एमएमचा बोलेक्स कॅमेरा घेतला. घड्याळासारखी चावी द्यायची, की तो जेमतेम अर्धा मिनिट चालणार. त्याच कॅमेऱ्यावर ‘मेशेस’ झाली. एक बाई घरी येते, खुर्चीत झोपते आणि तेच ते स्वप्न पुन्हा पुन्हा पडत राहतं. किल्ली, सुरी, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळी आकृती. एका शॉटमध्ये ती चालायला लागते. पहिलं पाऊल वाळूत, पुढचं गवतात, मग फुटपाथवर, मग घरातल्या गालिच्यावर. ना व्हीएफएक्स, ना सेट. नुसते कट्स! कॅमेऱ्यामागची बरीचशी करामत हमिदची होती, तेव्हा श्रेय दोघांचं. पण हा धागा पुढे नेला मायाने.

१९४५ची ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ जेमतेम तीन मिनिटांची आहे. नर्तक टॅली बीटी जंगलात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो थेट एका घरात. तिथून म्युझियम, तिथून पुन्हा मोकळं आकाश. स्टेजवर हे शक्यच नाही, ते फक्त एडिटिंगमध्ये घडतं. सिनेमाने नाटक-कादंबरीची नक्कल कशाला करायची, स्वतःला जे जमतं ते करावं, हा तिचा आग्रह होता.

प्रेक्षकही तिनेच शोधले

फिल्म केली, पण दाखवायची कुठे? थिएटरवाले घेणार नव्हते. मग १९४६मध्ये तिने न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधलं प्रोव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेतलं आणि स्वतःच्या तीन फिल्म्स लावल्या. हाउसफुल्ल! तो प्रकार बघून एमोस व्होगेल या तरुणाने पुढच्याच वर्षी ‘सिनेमा १६’ ही गाजलेली फिल्म सोसायटी काढली. माया कॉलेजांत जाऊन लेक्चर द्यायची, प्रिंट्स भाड्याने पाठवायची, लेख लिहायची. १९४६मध्येच तिला गगनहाइम फेलोशिप मिळाली आणि १९४७मध्ये ‘मेशेस’ला कान महोत्सवात पुरस्कार.

इथे थांबलो असतो, तर ही एक छान मोटिव्हेशनल स्टोरी झाली असती. पण पुढचं ऐका.

फेलोशिपवर ती हैतीला गेली. तिथल्या व्हूडू विधींमधलं नृत्य घेऊन फिल्म करायची, असा प्लॅन होता. काही वर्षांत तिने अनेक फेऱ्या केल्या, सुमारे १८ हजार फूट फिल्म शूट केली. पण तिथल्या लोकांत राहिल्यावर तिला कळलं, की हे नृत्य त्यांच्या श्रद्धेपासून सुटं काढताच येत नाही. आपल्या आर्टसाठी ते कापायचं-जोडायचं कसं? ती फिल्म तिने कधीच पूर्ण केली नाही. त्याऐवजी १९५३मध्ये ‘डिव्हाइन हॉर्समेन’ हे पुस्तक लिहिलं. जी बाई एका कटमध्ये जंगलातून घरात नेत होती, तिने इथे कात्री खाली ठेवली. दुसऱ्याच्या जगण्यावर कॅमेरा रोखताना आपण इतका विचार करतो का?

पैशांची चणचण शेवटपर्यंत सुटली नाही. १३ ऑक्टोबर १९६१ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ती गेली, तेव्हा वय होतं फक्त ४४. हैतीचं फुटेज पुढे तिचा शेवटचा नवरा, संगीतकार तेइजी इतो, आणि शेरेल इतो यांनी जोडून लोकांसमोर आणलं. तिला ते तसं आवडलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा कमी पैशांत काम करणं रोमँटिक वगैरे नसतं, तिला त्याची किंमत मोजावी लागली. पण पैसे नाहीत म्हणजे आपल्याला कुणी हुकूम सोडणारही नाही, हे तिने ओळखलं होतं. हौशी असणं हा तिच्या लेखी कमीपणा नव्हता. कामावरच्या प्रेमापोटी काम करणारा तो हौशी, आणि मोकळा तोच, असं ती मानायची.

कुठून सुरुवात करायची विचाराल, तर आधी ती तीन मिनिटांची ‘स्टडी’ बघा. मग ‘मेशेस’. त्यानंतर मार्टिना कुडलाचेकची ‘इन द मिरर ऑफ माया डेरेन’ ही डॉक्युमेंटरी मिळाली तर सोडू नका. त्यात हमिद आणि डनहॅम तिच्याबद्दल बोलतात, आणि खुद्द मायाचा आवाजही ऐकू येतो. आणि हो, तुमच्या खिशातल्या फोनला चावी द्यावी लागत नाही!