मरियम बोलली म्हणून

इंग्रजी शोकांतिका म्हटलं की शेक्सपिअरच आठवतो. बी.ए.ला मीही त्याच शिकले. पण त्याच काळात एका बाईनंही शोकांतिका लिहिली आणि १६१३ मध्ये ती छापून आली. तिचं नाव एलिझाबेथ कॅरी. स्वतःचं स्वतंत्र नाटक इंग्रजीत छापून आलेली ही पहिली स्त्री.

१५८५च्या सुमारास जन्मलेली ही एका वकिलाची एकुलती एक लेक. लॅटिन, फ्रेंच, स्पॅनिश बहुतेक आपली आपणच शिकली. आईनं रात्री वाचायला मेणबत्त्या बंद केल्या, तर पोरीनं नोकरांकडून उधारीवर मिळवल्या! दहा वर्षांची असताना वडिलांसमोर एका बाईवर चेटुकाचा खटला चालला होता. घाबरलेली ती बाई सगळंच कबूल करत होती. एलिझाबेथनं वडिलांच्या कानात सांगितलं, समोर उभ्या असलेल्या आपल्या नातलगालाही हिनं मारलं का, विचारा. बाई त्यालाही हो म्हणाली! कबुली खोटी ठरली, ती सुटली. धाकापोटी निघालेले शब्द खरे नसतात, हे या चिमुरडीनं ओळखलं.

१६०२ मध्ये लग्न झालं. सासूनं पुस्तकं काढून घेतली, तेव्हा ही लिहू लागली. तिच्या नाटकातली मरियम ही हेरॉड राजाची राणी. तिच्या भावाला आणि आजोबांना राजानंच मारवलेलं. तो मेल्याची अफवा उठते, पण तो जिवंत परततो. मरियमला खोटं हसू आणता येत नाही, ती मनातलं बोलते. नणंद सलोमी मात्र गोड बोलून तिच्यावर विषप्रयोगाचा आळ आणते. बायकोचे विचारसुद्धा नवऱ्याचेच, असं नाटकातलं वृंदगान बजावतं. मरियमचं डोकं उडवलं जातं, तेही आपल्याला दिसत नाही. दूत येऊन सांगतो. जिचं बोलणं सोसवलं नाही, तिचा शेवटचा एकेक शब्द ऐकायला मग हेरॉड तडफडतो. सगळी शोकांतिका शब्दांतच घडते.

पुढे लेखिकेचंही तसंच झालं. अकरा मुलांची आई, १६२६ मध्ये उघडपणे कॅथलिक झाली. नवऱ्यानं पैसे बंद केले, मुलं दुरावली. १६३० मध्ये तिनं केलेल्या एका धार्मिक ग्रंथाच्या अनुवादाच्या प्रती जाळल्या गेल्या. १६३९ मध्ये ती गेली. तिचं चरित्र मात्र लेकीनं लिहून ठेवलं.

समाजकार्यात मी बायकांचं ऐकत असते. तोंड आवर म्हणजे संसार नीट होईल, हा सल्ला त्यांना आजही मिळतो. मरियमनं तोंड आवरलं असतं तर कदाचित वाचली असती. पण मग उरली असती ती मरियम असती का?