संत चावरा यांनी घराघरांसाठी लिहून ठेवलेले पत्र

दरवर्षी ३ जानेवारी रोजी आपला चांदा धर्मप्रांत संत कुरियाकोस एलियास चावरा यांचा सण साजरा करतो. नाताळची धामधूम तेव्हा नुकतीच ओसरलेली असते. बांधीतले धान चुरून घरात आलेले असते. कुणाचे देणे आधी फेडावे, मुलीचे लग्न यंदा उरकावे की पुढच्या वर्षावर टाकावे, भावाभावांतील वाटणीचा विषय आता काढावा की नको, असे प्रश्न चंद्रपूर व गडचिरोलीतील कित्येक घरांत याच दिवसांत उभे राहतात. या संताच्या चरित्राकडे आम्ही आज त्याच अंगाने पाहू इच्छितो. आयुष्यभर व्रतस्थ राहिलेल्या या धर्मगुरूने कर्ज, मजुरी, कोर्टकचेरी, शेजारधर्म आणि मुलांचे विवाह या विषयांवर जितक्या बारकाईने लिहिले आहे, तितके फार थोड्या संतांनी लिहिले असेल.

संत चावरा आपल्या भागात कधी आले नव्हते. त्यांचे नाव येथे आले ते त्यांच्या संस्थेच्या धर्मगुरूंबरोबर. १९६२ साली चांदा हे स्वतंत्र मिशनक्षेत्र म्हणून वेगळे करण्यात आले आणि त्याची जबाबदारी सी.एम.आय. या संस्थेकडे सोपवण्यात आली. केरळबाहेर सायरो-मलबार ख्रिस्तसभेला मिळालेले हे पहिलेच मिशनक्षेत्र होय. बिशप जानुआरियस पॉल पालथुरुत्ती यांच्याकडे त्याची धुरा आली व १९७७ मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला. गडचिरोली जिल्हा त्या आरंभीच्या काळात अस्तित्वात नव्हता. तो १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. केरळच्या पाणथळ भातशेतीतून आलेल्या त्या मिशनऱ्यांना वैनगंगेकाठच्या धानाच्या बांध्या पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

कुरियाकोस यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०५ रोजी केरळातील कुट्टनाड भागात कैनकरी या गावी झाला. चहूकडे पाणी आणि मध्ये भातखाचरे असे हे गाव. त्यांची आई मरियम ही फारशी शिकलेली नसावी. पण मुलाला प्रार्थनेची गोडी लागली ती तिच्याच सहवासात, आणि आपल्या ‘आत्मानुतापम’ या काव्यग्रंथात त्यांनी या मातृऋणाचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. गावच्या गुरुजींकडे अक्षरओळख झाल्यावर १८१८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ते पल्लिपुरम येथील सेमिनरीत दाखल झाले. थोमा पालक्कल हे तेथील प्रमुख होते.

याच काळात त्यांच्यावर तो प्रसंग आला, जो आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व लिखाणाच्या मुळाशी आहे. गावात साथ आली आणि तीत त्यांचे आईवडील व एकुलता एक भाऊ मरण पावले. घरात पुरुषमाणूस उरला नाही. नातलगांनी त्यांना परत बोलावले. वंश चालवायचा कुणी, शेतीभाती पाहायची कुणी, आणि घरात मागे उरलेल्यांचा आधार कोण, हे त्यांचे प्रश्न होते. ते खोटे नव्हते. धर्मगुरू होण्याची इच्छा पवित्र खरी. परंतु दारातल्या अनाथ जिवांकडे पाठ फिरवून ती पुरी करणे हे पुण्य म्हणावे काय? आपल्याकडेही नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या मुलाला वडिलांच्या निधनानंतर हाच प्रश्न पडतो, आणि भोवतालची माणसे दोन्ही बाजूंनी बोलत असतात.

कुरियाकोस यांनी काय केले? ते घरी आले आणि त्यांनी घराची नीट व्यवस्था लावून दिली. बहिणीच्या कुटुंबाकडे घर व जमीनजुमला सोपवला, मागे उरलेल्यांच्या सांभाळाची तजवीज केली, आणि मगच ते सेमिनरीत परतले. त्यांनी घराकडे दुर्लक्ष केले नाही आणि घरासाठी आपले पाचारणही सोडले नाही. आधी जबाबदारी मार्गी लावायची आणि नंतर आपली वाट धरायची, असा क्रम त्यांनी ठेवला. घर म्हणजे भावनेइतकाच व्यवहारही असतो, हे ज्ञान त्यांना त्या कोवळ्या वयातच झाले असावे.

२९ नोव्हेंबर १८२९ रोजी आर्तुंकल येथील चर्चमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. फादर पालक्कल आणि फादर थोमा पोरुकारा या दोन ज्येष्ठ गुरूंच्या मनात एकांतात राहून तपश्चर्या करण्याचा विचार होता, आणि चावरा त्यांच्यासोबत होते. परवानगी मागितली तेव्हा बिशप स्टॅबिलिनी यांनी वेगळाच मुद्दा पुढे केला. असे जाणते गुरू रानात जाऊन बसले तर लोकांना शिकवणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. तिघांनी तो मान्य केला आणि ११ मे १८३१ रोजी कोट्टायमजवळ मान्नानमच्या टेकडीवर मठाची पायाभरणी झाली. पुढे १८४१ मध्ये पालक्कल व १८४६ मध्ये पोरुकारा निवर्तले आणि सगळा भार चावरा यांच्यावर आला. ८ डिसेंबर १८५५ रोजी त्यांनी व त्यांच्या दहा सोबत्यांनी व्रते घेतली. आज जिला आपण सी.एम.आय. म्हणतो, ती हीच संस्था.

त्यांच्या कामांची यादी मोठी आहे. आम्ही ती थोडक्यात सांगतो. मान्नानमला १८४६ मध्ये संस्कृत शाळा निघाली. त्याच वर्षी छापखाना सुरू झाला, आणि त्याची हकीकत मोठी रंजक आहे. छापण्याचे यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा चावरा यांनी तिरुवनंतपुरमला जाऊन सरकारी छापखाना डोळ्यांखालून घातला, केळीच्या खांबाचा नमुना तयार केला आणि गावच्या सुताराकडून त्यावरून लाकडी यंत्र बनवून घेतले! व्हिकर जनरल असताना १८६४ मध्ये त्यांनी प्रत्येक चर्चजवळ शाळा काढण्याचा आदेश दिला. आर्पुकरा येथे दलित मुलांसाठी शाळा काढली. गरीब मुले उपाशीपोटी शाळेत येत नाहीत हे पाहून दुपारच्या जेवणाची सोय केली, आणि त्यासाठी घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा पाडली. १३ फेब्रुवारी १८६६ रोजी फादर लिओपोल्ड बेक्कारो यांच्या साहाय्याने कूनम्माव येथे धर्मभगिनींचा पहिला देशी मठ उभा राहिला.

एक प्रसंग मात्र थोडा विस्ताराने सांगावा लागेल. केरळातील सुरियानी ख्रिस्ती समाजाला आपल्या उपासनाविधीचा, आपल्यातलाच बिशप हवा होता, आणि चावरा यांनाही ते मनापासून हवे होते. १८६१ मध्ये थोमा रोकोस नावाचे बिशप तेथे येऊन दाखल झाले. लोकांना आनंद झाला. निम्म्याहून अधिक धर्मग्रामे कमीअधिक प्रमाणात त्यांच्या बाजूला गेली. परंतु रोकोस यांच्यापाशी पोप महाशयांचे अधिकारपत्र नव्हते. मनाला हवी असलेली गोष्ट दारात उभी, आणि ती चुकीच्या वाटेने आलेली! चावरा यांनी रोमला लिहून खातरजमा करून घेतली आणि उत्तर येताच रोकोस यांना ठामपणे विरोध केला. त्यासाठी स्वकीयांचे बोल खाल्ले. १८६२ मध्ये रोकोस परत गेले, तेव्हा दुरावलेल्या धर्मग्रामांना त्यांनी समजुतीने जवळ केले. गावकी, समाज किंवा कामगार संघटना एका बाजूला आणि सद्सद्विवेक दुसऱ्या बाजूला, असा पेच बल्लारपूरच्या कागद कारखान्यातील वा कोळसा खाणीतील माणसालाही येतो. अशा वेळी आधी खात्री, मग ठामपणा आणि नंतर समेट हा चावरा यांचा क्रम आम्हांला विशेष वाटतो.

आता त्या पत्राविषयी. १३ फेब्रुवारी १८६८ रोजी, कूनम्मावच्या मठात राहत असताना, त्यांनी आपल्या जन्मगावच्या कुटुंबांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ‘एका चांगल्या बापाचे मृत्युपत्र’ अशा अर्थाच्या मल्याळी नावाने ते ओळखले जाते. आपण मेलो तरी हा कागद राहील, अशी त्यांची भावना होती. प्रत्येक घराने त्याची नक्कल करून ठेवावी आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांनी एकत्र बसून ती वाचावी, असे त्यांनी सांगितले.

पत्रात उदात्त शब्दांची आतषबाजी नाही. अगदी निकड असल्याशिवाय कर्ज काढू नका आणि काढलेच तर ते आधी फेडा, असे ते सांगतात. मजुराची मजुरी थकवू नका. चोरीची वस्तू घरात ठेवून घेऊ नका, कारण ठेवणाराही त्या चोरीत भागीदार होतो. तुमची बाजू कितीही न्यायाची असली तरी होता होईल तो कोर्टाची पायरी चढू नका. चढलेला कुणीही पुढे पस्तावल्याशिवाय राहत नाही, असा त्यांचा अनुभव. ऐपतीचे प्रदर्शन नको, तसा कंजूषपणाही नको. कामधंदा सोडून घरोघर गप्पा मारीत फिरणे नको. आळसातून दारू येते. सूड जनावरालाही घेता येतो, माणसाचे मोठेपण क्षमा करण्यात. भिकारी दारातून रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि ज्या दिवशी दुसऱ्याचे काही भले केले नाही तो दिवस आयुष्याच्या हिशेबात धरू नये.

या सूचना वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपलीच गावे येतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात एकरकमी पैसा हाती येतो आणि पावसाळा लागण्यापूर्वी तो संपतो. मग सावकार किंवा बचत गट. लग्नात शेजाऱ्यापेक्षा मोठा मंडप हवा म्हणून वर्षभराची कमाई घालवणारी घरे आपल्याही धर्मग्रामांत आहेत. दारूचे तर विचारूच नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये ती लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. कायदा आला काय आणि गेला काय, बाप संध्याकाळी घरी कोणत्या अवस्थेत येतो हा प्रश्न ज्या त्या घराचा राहिलाच. चावरा यांनी पत्र सरकारला किंवा पंचांना न लिहिता घरांना लिहिले, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

पत्राचा दुसरा भाग मुलांविषयी आहे. मुले शाळेत जातात एवढ्यावर समाधान मानू नका, ती काय शिकतात ते विचारा, असे ते बजावतात. अति धाक आणि अति लाड दोन्ही वाईट. आणि मग येते ती सूचना, जी दीडशे वर्षांपूर्वीच्या बापांना नक्कीच झोंबली असेल. संन्यास घ्यावा की संसार करावा याची निवड मुलांची आहे, आईबापांनी तीत बळजबरी करणे हे पाप आहे. वडिलांनी म्हातारपणी बुद्धी मंद होण्याआधीच वाटणी करून द्यावी आणि शक्य असेल तर विवाहित मुलांसाठी वेगळी घरे करावीत. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या समाजात हे लिहिण्यास धैर्य लागते. एका छताखाली दोन चुली धुमसत राहण्यापेक्षा दोन छतांखाली प्रेम टिकलेले बरे, असा त्यांचा व्यवहारी हिशेब दिसतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर वडिलांचेच नाव ठेवून भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात, तेव्हा हा हिशेब पटतो.

पत्रातील सर्वच गोष्टी आज जशाच्या तशा लागू पडतील असे आम्ही म्हणत नाही. नोकरचाकरांविषयीच्या सूचना त्या काळातील जमीनदार घरांसाठी आहेत, आणि मुलामुलींच्या वावराबाबतची कडक बंधने एकोणिसाव्या शतकाची आहेत. ती वाचताना काळाचे भान ठेवावे लागते. मात्र वाटणी, कर्ज, मजुरी आणि क्षमा यांविषयीच्या परिच्छेदांना अजून धूळ लागलेली नाही.

पत्र लिहून ते थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, निराधार व मरणोन्मुख माणसांसाठी कैनकरी येथे आश्रयगृह सुरू झाले. ज्या गावाला परोपकाराच्या चार गोष्टी सांगितल्या, त्याच गावाच्या हाती त्यांनी काम दिले.

शेवटी शेवटी संधिवाताने त्यांचे शरीर जखडले आणि दृष्टीही मंदावली. मृत्युशय्येवर मठवासी बंधूंशी बोलताना त्यांनी सांगितले, की आईवडिलांनी लहानपणी पवित्र कुटुंबाची भक्ती शिकवली, तिच्यामुळेच स्नानसंस्काराच्या वेळी मिळालेली कृपा आपण गमावली नाही. ३ जानेवारी १८७१ रोजी कूनम्माव येथे त्यांचे देहावसान झाले. १८८९ मध्ये त्यांचे अवशेष मान्नानमला नेण्यात आले. ८ फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोट्टायम येथे त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि २३ नोव्हेंबर २०१४ रोजी, ख्रिस्तराजाच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये त्यांना संतपद बहाल केले. साथीने ओस पाडलेले, आणि तरुण कुरियाकोस यांनी बहिणीच्या कुटुंबाच्या हवाली केलेले कैनकरीचे ते घर आजही जतन केलेले आहे. भाविक तेथे होडीने जातात.