हमाली ते शाळा : जाईबाई चौधरी

विदर्भातील स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की जाईबाई चौधरी यांचे नाव आदराने घेतले जाते. स्मरणिकांतून, जयंतीच्या व्याख्यानांतून त्यांची शाळा सांगितली जाते आणि शाळेपूर्वी त्या हमाली करीत, एवढे एका वाक्यात उरकले जाते. आम्हाला मात्र त्या एका वाक्यापाशीच थोडे थांबावेसे वाटते. आपल्या आज्या-पणज्यांनी चळवळीत येण्याआधी मजुरी केली आहे आणि त्या मजुरीचा इतिहास फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूरजवळच्या उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळाने मध्य प्रांतातील असंख्य कुटुंबांना गाव सोडायला लावले. जाईबाईंचे कुटुंबही नागपुरात आले. १९०१ मध्ये, म्हणजे नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पोटासाठी त्यांनी जे काम धरले ते हमालीचे. लोकांचे सामान डोक्यावर घ्यायचे, पोहोचवायचे आणि जे पैसे मिळतील त्यांत घर भागवायचे.

त्या काळचे नागपूर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हे काम कळणार नाही. १८७७ साली तेथे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. विदर्भातील महार कुटुंबे हातमागावर जाडेभरडे कापड विणीत. गिरणीच्या कापडापुढे ते टिकेना. विणणारे हात मग गिरणीकडे, विडीकडे, ओझ्याकडे वळले. गिरणीत गेले म्हणजे जात सुटली, असेही नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. कामाचा दर कसबावर ठरतो असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. आपल्या देशात त्याआधी जन्म पाहिला जाई. स्त्री असेल तर त्या दरातूनही आणखी वजा.

ग्रेगरी नावाच्या मिशनरी भगिनीची नजर ओझे वाहणाऱ्या या तरुणीवर गेली. तिच्याच प्रयत्नाने जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिकेचे काम मिळाले. पगार दरमहा चार रुपये. रक्कम अगदी लहान. पण महिन्याच्या शेवटी ठरून हाती येणारा पैसा आणि उद्या ओझे मिळेल की नाही या धास्तीतला पैसा, यांतला फरक रोजंदारीच्या घरात वाढलेल्यांना समजावून सांगावा लागत नाही.

ते कामही टिकले नाही. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंची नोकरी गेली. आजवर त्यांनी डोक्यावरून वाहिलेल्या ट्रंका आणि वळकट्या कोणाला बाटल्यासारख्या वाटल्या नव्हत्या. पाटीला हात लागला तेव्हा मात्र विटाळ झाला. अस्पृश्यतेचा हिशोब किती सोयीचा होता, हे सांगणारे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या वाचनात नाही. स्त्रीच्या श्रमाला तिची हरकत नव्हती. त्या श्रमातून अधिकार आणि नियमित वेतन मिळू लागले की ती उभी राहत असे.

दुसऱ्याच्या शाळेत जागा नाही, तर आपली शाळा काढायची, असे जाईबाईंनी केले. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. आज आपण याला उद्योजकता म्हणू. त्या वेळी हा शब्द वस्तीत कोणी ऐकलाही नसेल. काम तेच होते : जागा मिळवायची, पैसा उभा करायचा आणि सर्वांत अवघड म्हणजे मुली मिळवायच्या. कष्टकऱ्याच्या घरात आठ-दहा वर्षांची मुलगी म्हणजे धाकटी भावंडे सांभाळणारी, सरपण आणणारी, आईच्या कामाला हातभार लावणारी. ती शाळेत गेली की घरातले दोन हात कमी होत. हा हिशोब जाईबाईंनी स्वतः मजूर म्हणून जगलेला होता. शिकलेल्या घरातून आलेल्या सुधारकाला तो असा कळला नसता, असे आमचे मत आहे.

शाळेला चोखोबांचे नाव का, असे आपल्यातील तरुण कधीकधी विचारतात. १९५६ नंतरच्या दृष्टीने १९२२ पाहू नये, एवढेच आम्ही सांगतो. नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांच्या पिढीने चोखोबांच्या नावानेच समाज जागा केला होता.

शिक्षिका, कार्यकर्ती म्हणून मान मिळाल्यावरही जातीने त्यांचा पिच्छा सोडला नाही. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा भोजनाच्या वेळी सवर्ण स्त्रियांनी जाईबाईंना वेगळे बसवले. स्त्रियांच्या हक्कांसाठी जमलेल्या मंडपात हे घडले. नागपूरच्या दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ रोजी सभा भरवून जाहीर निषेध केला.

पुढे जुलै १९४२ मध्ये, त्याच नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. वीस हजारांवर स्त्रिया जमल्या. बाबासाहेबही आले होते. त्याच महिन्यात त्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याची सूत्रे हाती घेतली. परिषदेचे ठराव आम्ही वर्गात मुलींना मुद्दाम वाचून दाखवतो. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी हे विषय तर होतेच. त्याबरोबर गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांना पगारी रजा मिळावी, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी होती. गिरणीच्या ज्या खात्यांत स्त्रिया काम करतात तेथे देखरेखीसाठी स्त्रीच नेमावी, हाही एक ठराव होता.