नळ गोठले म्हणून गाव खोदायची वेळ आली, या प्राध्यापकाने पाईपातच करंट सोडला

जामखेडला नळ कोरडा पडला तर तो उन्हाळ्यात. थंडीने नळ गोठणं आपल्याकडं कुणाला माहीतच नाही. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात मात्र १८९९ च्या हिवाळ्यात जमिनीखालचे पाईप गोठले. घरात पाणी नाही, आणि उपाय एकच, दगडासारखी झालेली जमीन खोदायची.

तिथल्या विद्यापीठात रॉबर्ट विल्यम्स वुड हे भौतिकशास्त्र शिकवत. जन्म १८६८ चा, शिक्षण हार्वर्डमध्ये. विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक डुगाल्ड जॅक्सन यांना सोबत घेऊन त्यांनी खोदकामच टाळलं. ट्रान्सफॉर्मरच्या तारा धातूच्या पाईपच्या दोन टोकांना जोडायच्या, व्होल्टेज कमी ठेवायचं आणि करंट भरपूर सोडायचा. पाईप स्वतःच तापतो, त्याला चिकटलेला बर्फ सुटतो आणि एकदा पाणी वाहू लागलं की उरलेला बर्फ तेच वितळवतं. (घरी करून बघू नका, आग लागू शकते. प्लास्टिकच्या पाईपातून तर करंट जाणारच नाही.)

१९०१ मध्ये वुड जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये 'एन-किरणां'चा गाजावाजा सुरू झाला. १९०४ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेत जाऊन वुड यांनी अंधारात यंत्रातला प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरी शास्त्रज्ञांना किरण दिसतच राहिले!

त्वचेचे डॉक्टर बुरशी ओळखायला जो 'वुड्स लॅम्प' वापरतात, तो यांच्याच नावाचा. वुड १९५५ मध्ये वारले.