परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात खोली मिळाली नव्हती, पुढे त्यांनी दादरमध्ये घर बांधलं

बेंबळीसारख्या गावातून पोरगं शिकायला किंवा कामाला पुण्या-मुंबईत जातं. खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो, भाड्याचं नंतर. हा प्रश्न आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निम्मं आयुष्य या प्रश्नाशी झगडण्यात गेलं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. पुढे कुटुंब मुंबईत आलं आणि परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहू लागलं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तिथून लंडनला. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. हुद्दा मोठा होता, पण राहायला जागा कुणी देईना.

शेवटी नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. ओळखीच्या दोन मित्रांनीही अडचणी पुढे केल्या. कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट बघितली आणि मुंबई गाठली.

मुंबईत आधार होता तो परळच्या बीआयटी चाळीचा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टने कामगारांना परवडतील अशा चाळी बांधल्या. यातल्याच दोन छोट्या खोल्यांत बाबासाहेबांनी जवळपास दोन दशकं काढली. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद या काळातलीच.

याच ट्रस्टने दादर-माटुंगा हे नवं उपनगरही आखलं. तिथल्या वस्त्या जाती-धर्माप्रमाणे बसत गेल्या. पारशी कॉलनी पारशांची झाली, शेजारची हिंदू कॉलनी प्रामुख्याने उच्चवर्णीय मध्यमवर्गाची. १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी याच हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. त्यातली मोठी जागा होती हजारो पुस्तकांसाठी. १९३५ मध्ये रमाबाईंचं निधन याच घरात झालं.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ते धाराशिवजवळच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. गावकुसाबाहेरचं जगणं आणि वतनाची बांधिलकी ही एकाच साखळीची दोन टोकं आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावात जात सुटत नाही म्हणून ते लोकांना शहराकडे जायला सांगत. पण शहराने काय केलं, हे बडोद्यात त्यांनी स्वतः भोगलं होतं.

राज्यघटनेच्या कलम १५ ने दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत जात बघून दार बंद करायला मनाई केली. कलम १७ ने अस्पृश्यताच रद्द केली. म्हणजे बडोद्याच्या धर्मशाळेचं दार कायद्याने उघडलं.

पण कलम १५ मधल्या त्या यादीत भाड्याची खोली नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरतं ठेवायचा संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध धरला.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. राजगृह आजही हिंदू कॉलनीत उभं आहे आणि खोली बघायला गेलेल्या पोराला आजही आधी आडनावच विचारलं जातं.